जुन्या व्हॅनचा पंप बदलण्याआधी व्होल्ट मोजा

सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पेटत नाही. किंवा पेटते, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रखडली की बंद पडते आणि वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. गॅरेजमध्ये यावर ठरलेलं उत्तर मिळतं: पेट्रोलचा पंप गेला. कधी कधी तो खरंच गेलेला असतो. पण दहा-पंधरा वर्षं चाललेल्या ओम्नीत, व्हर्सात किंवा ईकोत पंपाच्या आधी पंपाची वायर म्हातारी होते. नवा पंप त्याच सडक्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लगवर) बसवला की थोडे दिवस बरे जातात आणि मग तोच तमाशा पुन्हा सुरू.

ठाणे आणि नवी मुंबईत हे लवकर होतं, कारण मध्ये खाडी आहे. पामबीच रोडला, ऐरोलीला, कळव्याला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या तळाला खारी हवा वर्षभर लागते. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेलं पाणी भरतीच्या वेळी खारटही असू शकतं. व्हॅनची टाकी फ्लोअरखाली आणि पंपाची वायर चेसिसच्या कडेने, म्हणजे चाकांनी उडवलेलं सगळं तिच्या अंगावर. कपलरमध्ये पाणी शिरलं की प्लसची पिन आधी सडते. बाहेरून कपलर धडधाकट दिसतो, उघडला की आत हिरवी भुकटी.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची ते ठरवा, कारण तपासण्या वेगळ्या आहेत. कार्बोरेटरच्या जुन्या ओम्नीत पंप इंजिनाच्या कॅमवर चालतो, त्याला वीज लागतच नाही. तिथे विजेचं काम एका छोट्या सोलेनॉइडपुरतं (विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हपुरतं) असतं, त्याबद्दल पुढे. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, आणि त्याला कधी चालवायचं, कधी थांबवायचं हे ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) रिलेमार्फत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमार्फत, ठरवतो. सीएनजी बसवलेली असेल तर या सगळ्यावर किटच्या वायरींचं आणखी एक जाळं असतं.

काम सुरू करण्यापूर्वी

गाडी मोकळ्या जागेत घ्या. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते. सीएनजी हलका असल्यामुळे छताला जाऊन अडकतो. बंद जागेत दोन्ही धोक्याचे. सीएनजी असेल तर सिलिंडरचा हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह आधी बंद करा. वायर कापायची किंवा कपलर दुरुस्त करायचा असेल तेव्हा बॅटरीचा मायनस काढा. टाकीजवळ मोजताना मीटरच्या पिना आधी लावा आणि चावी नंतर फिरवा, म्हणजे ठिणगी पडायची वेळ येणार नाही. पावडरचा अग्निशामक हाताशी असू द्या, गाडीच्या आत ठेवून उपयोग नाही.

सामान फार लागत नाही: १० अँपिअरची रेंज असलेला डिजिटल मल्टिमीटर, एलईडीचा टेस्ट लॅम्प, ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज असलेली हातभर जंपर वायर, मीटरसाठी चार-पाच मीटरची जास्तीची वायर, कॉन्टॅक्ट क्लीनर, १२० नंबरचा पॉलिश पेपर. २१ वॅटचा बल्ब आणि एलईडी दोन्ही घ्या. बल्ब ओढतो पावणेदोन अँपिअर, म्हणून पंपाच्या जाड वायरीसाठी तो उत्तम. तोच ईसीएमच्या वायरीला लावला तर आतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. तिथे एलईडीच.

शेवटची एक गोष्ट, बॅटरी. बंद गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नयेत. तिथेच मार खाल्ला असेल तर पुढची सगळी मापं खोटी निघतात.

कानाने सुरुवात

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. टाकीजवळ कान दिला तर दोन-तीन सेकंद घूं असा आवाज येऊन थांबला पाहिजे. पंप प्रेशर भरतोय. रस्त्याच्या गोंगाटात ऐकू येत नाही, म्हणून एक माणूस चावीपाशी आणि एक टाकीपाशी हवा. त्याच वेळी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो का बघा. तो लागतच नसेल (आणि बल्ब गेलेला नसेल) तर ईसीएमलाच करंट मिळत नाही. मग पंपामागे न लागता मेन रिले आणि ईसीएमचा फ्यूज बघा. इमोबिलायझर असलेल्या गाडीत चावीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत राहिला तर गाडी चावी ओळखत नाही. ते वेगळंच दुखणं आहे.

आवाज आला म्हणून पंप चांगला असं समजू नका. ९ व्होल्टवरही पंप घूं करतो, पण प्रेशर देत नाही. या गाड्यांत साधारण ३ बार प्रेशर लागतं. व्होल्ट घसरले की पंपाचा वेग घसरतो, सपाट रस्त्यावर भागून जातं आणि गायमुखच्या चढावर गाडी झटके खायला लागते. रात्री पावसात हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम चालू असताना मिसिंग आणि दिवसा एकदम ठीक, हे वायरीच्या दुखण्याचं हमखास लक्षण.

फ्यूज आणि रिले

फ्यूज डोळ्यांनी बघून सोडू नका, काढून ओहमवर मोजा. केसाएवढी चीर दिसत नाही. फ्यूजच्या खाचेतल्या पाती सैल किंवा काळ्या पडल्या असतील तर नवा फ्यूजही गरम होतो. आणि फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा सिगारेटची चांदी लावू नका. १५ च्या जागी ३० घातला की कमजोर दुवा फ्यूज राहत नाही, टाकीकडे जाणारी वायर होते. फ्यूज उडण्याची कारणं दोनच: वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट होतेय, किंवा पंप आतून अडकतोय. शॉर्ट कुठे ते शोधायला पंपाचा कपलर काढून बघा. तरीही उडत असेल तर दोष वायरीत. चेसिसमधून जिथे वायर रबराच्या बुशमधून जाते, तिथे आधी बघा. आणि उंदीर. तुर्भ्याच्या बाजारसमितीच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कुरतडलेली वायर ही रोजचीच गोष्ट.

रिलेला चार पिना असतात. नंबर छापलेले असतील तर ३० ला बॅटरीचा करंट येतो, ८७ मधून पंपाला जातो, ८५ आणि ८६ मध्ये कॉइल. जपानी घडणीच्या रिलेवर हे नंबर बहुतेकदा नसतात. ज्या दोन पिनांमध्ये ६० ते १२० ओहम दिसतात ती कॉइल, उरलेल्या दोन म्हणजे ३० आणि ८७. हॉर्नचा किंवा दुसरा तसाच रिले काढून जागा बदलून बघणं सगळ्यात सोपं, फक्त पिनांची मांडणी सारखी आहे ना, बघून घ्या. रिले टक करतो म्हणजे चांगला, असं नाही. टक करतो तो लोखंडी हात, आतले कॉन्टॅक्ट जळालेले असू शकतात.

आता या सगळ्या तपासातली सगळ्यात कामाची युक्ती. रिले काढा आणि सॉकेटमधल्या कॉइलच्या दोन खाचांमध्ये एलईडी लॅम्प लावा. काही लॅम्प उलटे लावले तर पेटत नाहीत, तेव्हा पिना अदलाबदल करूनही बघा. चावी ऑन केली की दोन-तीन सेकंद लागून विझला पाहिजे, आणि सेल्फ मारताना पुन्हा लागून राहिला पाहिजे. यातून तीन निकाल निघतात:

१. चावी ऑनला आणि सेल्फलाही लागतो: ईसीएम आपलं काम करतोय. दोष रिले, वायर किंवा पंपात.

२. चावी ऑनला लागतो, सेल्फ मारताना नाही: इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळतच नाही. क्रँक सेन्सर किंवा कॅम सेन्सर, त्याचा कपलर, त्याची वायर. पंपाचा काही संबंध नाही.

३. दोन्ही वेळा लागत नाही: कॉइलच्या एका खाचेत चावी ऑन असताना १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर फ्यूज किंवा मेन रिले. येत असतील तर ईसीएम अर्थ (मायनसची बाजू) देत नाही.

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत हा लॅम्प डॅशबोर्डच्या खणातच ठेवा. बंद पडली की थंड व्हायच्या आत, रस्त्याच्या कडेला घेऊन, ही तपासणी पाच मिनिटांत होते. वीस मिनिटांनी केली तर सगळं ठीकच दिसणार. आणि लॅम्प नीट लागतोय, पण पंप गप्प, असं निघालं तर रिले परत बसवा, एकाला सेल्फ मारायला सांगा आणि रबरी हातोडीने टाकीच्या बुडावर हलकेच दोन टोले द्या. गाडी सुरू झाली तर पंपाचे ब्रश झिजलेत. मग मात्र पंपच बदला, ही गाडी रोज टोल्यांवर चालणार नाही.

खरी परीक्षा: चालत्या पंपावर मोजणे

बहुतेक जण इथे फसतात. कपलर काढून मीटर लावतात, १२.५ व्होल्ट दिसतात, आणि वायर चांगली म्हणून सोडून देतात. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरीचा एकच तार शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवेल. पंप मात्र ३ ते ५ अँपिअर ओढतो. समजा सडक्या कपलरमध्ये अर्धा ओहम अडथळा आहे आणि पंप ४ अँपिअर घेतोय. म्हणजे २ व्होल्ट तिथेच गेले, आणि ८ वॅटची उष्णता त्या प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये तयार झाली. म्हणून कपलर वितळलेले सापडतात. लोक म्हणतात, पंपाने जास्त करंट ओढला. बहुतेक वेळा उलट असतं.

पंप सतत चालू ठेवण्यासाठी रिले काढून ३० आणि ८७ च्या खाचा फ्यूजवाल्या जंपरने जोडा. जंपर लावताना ठिणगी पडते, पण ती फ्यूज बॉक्सपाशी, टाकीपासून लांब. नंतर कपलर न काढता, मागच्या बाजूने पिना घालून, पंप चालू असताना दोन मापं घ्या. एक, बॅटरीचा प्लस ते पंपाचा प्लस: ०.५ व्होल्टपेक्षा कमी हवा. दोन, पंपाचा मायनस ते बॅटरीचा मायनस: ०.२ पेक्षा कमी. इथेच ती लांब वायर लागते. पहिलं माप जास्त आलं तर मागे मागे सरका: कपलर, मधला जोड, रिलेची ८७, ३०, फ्यूज. जिथे आकडा एकदम घटतो, ती जागा आणि त्याआधी मोजलेली जागा यांच्यामधल्या जोडात दोष.

दुसरं माप जास्त आलं तर अर्थ. पंपाच्या अर्थचा बोल्ट बॉडीवर असतो. तो काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पांढरा पत्रा दिसू द्या, नवा थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून लावा, दातेरी वॉशर घालून घट्ट करा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस. ग्रीस आधी लावून बोल्ट घट्ट करायचा नाही. बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या दोन पट्ट्याही त्याच हाताने साफ करा. पेट्रोलचा काटा आणि पंप दोन्ही एकाच वेळी वेड्यासारखे वागत असतील तर शंभरातली नव्वद शंका अर्थवर घ्या. दोघांचा अर्थ बहुतेक एकच असतो.

व्होल्ट ठीक असले तर पंपाचा करंट मोजा: जंपर काढून त्याच दोन खाचांमध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. ३ ते ५ च्या आसपास स्थिर आकडा म्हणजे पंप निरोगी. ७-८ च्या वर गेला तर तो अडकतोय. २ च्या खाली असेल आणि प्रेशरही कमी असेल तर पंप नुसता गरगरतोय, पेट्रोल ढकलत नाही. बघून झालं की मीटर लगेच काढा, आणि लाल वायर पुन्हा व्होल्टच्या भोकात लावायला विसरू नका. नाहीतर पुढच्या वेळी बॅटरीवर मीटर लावताच शॉर्ट.

स्कॅनरबद्दल. एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-२ (बिघाडाची नोंद ठेवणारी यंत्रणा) आहे, बिघाडाचे कोड वाचता येतात. पी ०२०१ पासून पुढचे कोड इंजेक्टरच्या सर्किटचे, पी ०३३५ क्रँक सेन्सरचा, पी ०३४० कॅमचा. पी ०२३० पंपाच्या सर्किटचा आहे खरा, पण तो रिलेच्या कंट्रोलकडे बघतो. रिलेच्या पुढचा कपलर सडून पंपाला ९ व्होल्ट मिळत असले तरी स्कॅनर गप्प बसेल. फार तर पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, एवढं सांगेल, आणि मग कुणीतरी ऑक्सिजन सेन्सर बदलायला लावेल.

दुरुस्ती

सडलेला कपलर नुसता साफ करून चालत नाही, पिनवरचा मुलामा गेलेला असतो. नवा वॉटरप्रूफ कपलर लावा. टाकीजवळ सोल्डरिंग आयर्न नको. दाबून बसवायचे जोड आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह वापरा, आणि ती तापवायचं काम वायर टाकीपासून बाजूला ओढूनच करा. काळी टेप गुंडाळलेले पिळाचे जोड एका पावसाळ्याचे सोबती.

जुनं वायरिंगच बारीक आणि थकलेलं असेल तर सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे पंपाला वेगळा रिले. बॅटरीच्या प्लसपासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून नव्या रिलेची ३०. ८७ पासून तीच जाडी पंपापर्यंत. ८६ ला पंपाची जुनी प्लसची वायर, ८५ ला अर्थ. जुनी वायर आता फक्त रिलेची कॉइल चालवते, त्यामुळे तिच्यातला अडथळा त्रास देत नाही, आणि पंपाचा ताबा ईसीएमकडेच राहतो. हे शेवटचं महत्त्वाचं. पंप थेट इग्निशनवर किंवा डॅशबोर्डच्या स्विचवर देणारे कारागीर आहेत. त्यांना नाही म्हणा. अपघातात इंजिन बंद पडलं की ईसीएम पंप बंद करतो. स्विचवरचा पंप फुटलेल्या पाइपमधून पेट्रोल ओततच राहतो.

सीएनजीवाल्यांसाठी

‘गॅसवर मस्त चालते, पेट्रोलवर घेतली की दम तोडते’ ही तक्रार इथे सगळ्यात जास्त, आणि निम्मा दोष मालकाचा. पेट्रोलच टाकीत नसतं. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड होतो आणि बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही तो चालू असतो. पावटाकी पेट्रोल कायम ठेवा. शिवाय महिनोन्‌महिने पडून राहिलेलं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं, पाणी तळाशी बसतं आणि पंपाच्या पिना आतूनही सडतात. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

उरलेला दोष किटच्या जोडांचा. इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये एम्युलेटर (गॅसवर असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवणारा डबा) घातलेला असतो. गाडी पेट्रोलवर घेऊनही इंजेक्टर चालू होत नसतील तर एम्युलेटर काढून, सोबत बायपासचा प्लग असल्यास तो लावून बघा. गाडी सुरळीत झाली तर उत्तर मिळालं. इंजेक्टर तपासायला त्याचा कपलर काढून एलईडी लावा, सेल्फ मारताना लुकलुकला पाहिजे. इंजेक्टरची कॉइल साधारण ११ ते १७ ओहम, आणि सगळे इंजेक्टर एकमेकांच्या जवळपास हवेत. किटला लागणारा १२ व्होल्टचा करंट कुठून घेतलाय तेही बघा. पंपाच्या वायरीवरच टाका मारलेला असेल तर तो तिथून काढून वेगळ्या फ्यूजवर न्या. गॅसचे पाइप, रिड्यूसर, सिलिंडर यांना हात लावू नका, तिथे २०० बारचा मामला आहे. गॅसचा वास आला तर विजेचं काम थांबवा आणि अधिकृत केंद्र गाठा.

कार्बोरेटर, डिझेल आणि काटा

कार्बोरेटरवर एक वायर गेलेला सोलेनॉइड असतो. चावी ऑन केली की टक असा आवाज यायला हवा. नाही आला तर गाडी अॅक्सिलरेटर दाबून चालते, पाय काढला की बंद. वायरीवर १२ व्होल्ट आहेत आणि टक नाही, तर सोलेनॉइड बदला. सीएनजी असलेल्या कार्बोरेटर गाडीत पेट्रोलच्या पाइपवर आणखी एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. त्याची कॉइल गेली तर गाडी फक्त गॅसवर चालते.

जुन्या डिझेल व्हॅनमध्ये रोटरी पंप असेल तर त्यावरही एक वायरचा स्टॉप सोलेनॉइड. करंट नाही तर डिझेल नाही.

काट्यासाठी टाकीचा कपलर काढा आणि काट्याच्या वायरीला ३.४ वॅटचा छोटा बल्ब मध्ये घेऊन क्षणभर अर्थ द्या. काटा हलला तर डॅशबोर्डचा मीटर आणि वायर ठीक, टाकीतला फ्लोट खराब.

पाण्यात बुडालेली गाडी

फ्लोअरपर्यंत पाणी चढलं असेल तर चावी फिरवू नका. आधी बॅटरीचा मायनस काढा. मग टाकीचे, इंजेक्टरचे, सेन्सरचे कपलर एकेक उघडून स्वच्छ गोड्या पाण्याने धुवा. पाण्याने बुडालेल्याला पुन्हा पाणी, हे विचित्र वाटतं, पण मीठ कॉन्टॅक्ट क्लीनरने जात नाही. धुतल्यावर हवा मारा, क्लीनर मारा, एक दिवस वाळू द्या. फ्यूज बॉक्सला पाणी लागलं असेल तर रिले काढून हलवून बघा, आत पाणी वाजलं तर तो फेकून द्या.

दुरुस्ती झाल्यावर गाडी गरम होईपर्यंत चालवा. मग इंजिन चालू ठेवून हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावा आणि पंपाच्या कपलरवर पुन्हा मोजा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ असताना पंपावर १३ च्या वर हवेत. दोन्ही आकडे आणि तारीख बॉनेटच्या किंवा सीटखालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. पुढच्या जून महिन्यात, पाऊस लागण्याआधी, त्याच ठिकाणी मीटर लावायला दहा मिनिटं लागतात.